रोमचे धनिक आणि रोमचे श्रमिक

रोमच्या इतिहासाचें नांव निघालें कीं आपल्या डोळ्यांपुढें सेनापति, सेनेटर आणि वक्ते उभे राहतात. त्यांचीं युद्धें, त्यांचीं भाषणें आणि त्यांचे खून यांनींच पाठ्यपुस्तकांचीं पानें भरलेलीं असतात. परंतु या थोर पुरुषांची भाकरी कोण भाजीत होतें, त्यांचीं घरें कोण बांधीत होतें, आणि अशा माणसांना त्या समाजांत काय मान होता, हा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनांत क्वचितच येतो. तो विचारल्यावांचून रोमचें वैभव आणि रोमची उणीव, दोहोंपैकीं एकही नीट कळणार नाहीं, असें आमचें मत आहे.

प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. पॅट्रिशियन म्हणजे श्रीमंत आणि प्लेबियन म्हणजे दरिद्री, असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक हा भेद कुळाचा होता, पैशाचा नव्हता. आरंभीं सत्तेचीं स्थानें पॅट्रिशियन कुळांच्या हातीं होतीं, हें खरें. पण ख्रिस्तपूर्व ४४५ मध्यें या दोन वर्गांतील विवाहांस कायद्यानें मोकळीक मिळाली, आणि ख्रिस्तपूर्व ३६७ मध्यें कॉन्सलचें श्रेष्ठ पद प्लेबियनांसही खुलें झालें. पुढें तर थोर पॅट्रिशियन कुळांत जन्मलेला सुल्ला तरुणपणीं भाड्याच्या स्वस्त बिऱ्हाडांत दिवस काढीत होता, आणि रोममधील अत्यंत धनाढ्य गृहस्थ मार्कस क्रॅसस हा प्लेबियन कुळांतला होता. शहरांत आग लागली कीं जळणारीं व त्यांच्या शेजारचीं घरें क्रॅसस धास्तावलेल्या मालकांकडून अल्प किंमतीस विकत घेई, आणि बांधकाम जाणणारे पांचशेंहून अधिक गुलाम त्यानें बाळगले होते, असें प्लूटार्क सांगतो.

कुळाचा भेद असा सैल होत गेला, तरी पैशाचा भेद मात्र राज्यघटनेंतच विणलेला होता. सेन्सॉर नांवाचे अधिकारी प्रत्येक नागरिकाच्या मालमत्तेची नोंद करीत व तीवरून त्याचा वर्ग ठरवीत. इंग्रजींतील ‘क्लास’ हा शब्द मूळचा याच वर्गवाचक लॅटिन शब्दापासून आलेला आहे. जुन्या पद्धतींत मतदानासाठीं नागरिकांचे १९३ गट पाडलेले असत. त्यांपैकीं १८ गट घोडेस्वारांचे आणि ८० गट पहिल्या, म्हणजे सर्वांत धनवान, वर्गाचे. प्रत्येक गटास एकच मत असे आणि धनवानांचे गट आधीं मत देत. हे ९८ गट एकमत झाले कीं निर्णय लागे; मग इतरांस विचारण्याचें कारणच उरत नसे. ज्यांच्यापाशीं मालमत्ता अशी कांहींच नव्हती, त्या असंख्य लोकांचा मिळून एक गट होता. त्यांना ‘प्रोलेटारी’ म्हणत, म्हणजे आपल्या मुलाबाळांखेरीज राज्यास दुसरें कांहीं देऊं न शकणारे. मताचा अधिकार त्यांनाही होता, पण त्यांची पाळी येण्यापूर्वींच बहुधा निकाल लागलेला असे!

सम्राट ऑगस्टसच्या काळीं ही दरी आंकड्यांतच पाहतां येते. सेनेटर होण्यास १० लाख सेस्टर्सची, आणि त्याखालच्या ‘ईक्विटीज’ नामक वर्गांत गणना होण्यास ४ लाख सेस्टर्सची मालमत्ता लागे. त्याच काळीं सामान्य शिपायाचें वार्षिक वेतन ९०० सेस्टर्स होतें. त्यानें एक पैही खर्च न करितां सर्व वेतन शिल्लक टाकलें असतें, तरी ईक्विटीजच्या पंक्तीस बसण्यास त्याला सुमारें ४४४ वर्षें आणि सेनेटरच्या पंक्तीस बसण्यास १,१११ वर्षें लागलीं असतीं. हा भेद वेषांतही दिसे. सेनेटरच्या अंगरख्यावर रुंद जांभळा पट्टा असे, तर ईक्विटीजच्या अंगरख्यावर अरुंद. नाटकगृहांत देखील ख्रिस्तपूर्व ६७ मधील एका कायद्यानें १४ ओळी ईक्विटीजसाठीं राखून ठेवल्या होत्या.

तथापि न्यायबुद्धीनें या चित्राची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रोममधील गुलामगिरी अत्यंत क्रूर होती. स्पार्टाकसचें बंड मोडल्यावर ख्रिस्तपूर्व ७१ मध्यें कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर ६,००० गुलामांना क्रुसावर चढविण्यांत आलें. परंतु ज्या गुलामास रोमन नागरिक विधिपूर्वक मुक्त करी, तो स्वतः नागरिक होई. आणि राज्याचीं पदें जरी त्याला बंद असलीं, तरी मुक्तीनंतर जन्मलेल्या त्याच्या मुलास तीं मिळविण्यास कायद्याची आडकाठी नसे. महाकवि होरेस हा अशाच एका मुक्त गुलामाचा पुत्र होता, आणि आपल्या काव्यांत त्यानें पित्याचा उल्लेख लाज न बाळगतां, उलट कृतज्ञतेनें केला आहे. म्हणजे रोमच्या समाजाच्या शिडीला पायऱ्या होत्या आणि त्या चढतांही येत. मग त्या समाजाची खरी उणीव कोणती?

आमच्या मतें ती उणीव श्रमाच्या तिरस्कारांत होती. ख्रिस्तपूर्व ४४ मध्यें सिसेरोनें अथेन्स येथें शिकणाऱ्या आपल्या मुलासाठीं कर्तव्यांविषयीं एक ग्रंथ लिहिला. त्यांत मजुरीवर राबणारे, किरकोळ विक्री करणारे व हातानें काम करणारे कारागीर या सर्वांचे धंदे त्यानें हलके ठरविले आहेत. मासे विकणारे, खाटीक व आचारी यांचीही तीच गत. व्यापार लहान असेल तर तो नीच, मोठा असेल तर फारसा निंद्य नव्हे. आणि शेतीइतकें उत्तम व स्वतंत्र मनुष्यास शोभणारें दुसरें कांहींच नाहीं! मात्र ही शेती म्हणजे नांगराची मूठ धरणें नव्हे, तर दुसऱ्यांनीं पिकविलेल्या जमिनीचें स्वामित्व होय, हें वेगळें सांगावयास नकोच.

आतां गंमत पाहा. त्याच वर्षीं सिसेरोनें आपला मित्र ॲटिकस यास पाठविलेलें एक पत्र उपलब्ध आहे. आपलीं दोन दुकानें कोसळलीं, उरलेल्यांस तडे गेले, आणि भाडेकऱ्यांच्या मागोमाग उंदरांनींही तेथून बिऱ्हाड हलविलें, असें त्यांत तो थट्टेनें लिहितो. दुकानदाराचा धंदा हलका, पण दुकानाचें भाडें मात्र हलकें नव्हे! वडील केटोची गोष्ट अशीच आहे. शेतीवरील आपल्या ग्रंथांत त्यानें व्याजबट्टा करणारास चोराहून वाईट म्हटलें. तरी जहाजांच्या व्यापारांत तो आपल्या एका मुक्त गुलामाच्या हस्तें कर्जें देत असे, असें प्लूटार्क लिहितो. ख्रिस्तपूर्व २१८ मधील कायद्यानें सेनेटरांस मोठीं जहाजें बाळगण्याची बंदी होती, म्हणून धन जहाजावर आणि नांव किनाऱ्यावर, अशी ही सोय!

या तिरस्काराचीं फळें कडू आलीं. गुलामांकरवीं चालणाऱ्या विस्तीर्ण शेतांमुळें स्वतंत्र शेतकरी देशोधडीला लागत आहे, अशी हांक टायबेरियस ग्रॅकसनें मारली. सार्वजनिक जमीन कोणीही ५०० युगेरांहून अधिक बळकावूं नये व उरलेली गरिबांस वांटावी, असा कायदा त्यानें ख्रिस्तपूर्व १३३ मध्यें करविला, आणि त्याच वर्षीं सेनेटरांनीं व त्यांच्या अनुयायांनीं त्याला ठार केलें. ख्रिस्तपूर्व १२१ मध्यें त्याचा भाऊ गायस यासही तशाच रक्तपातांत प्राण गमवावे लागले. ख्रिस्तपूर्व ५८ पासून रोममधील नागरिकांस धान्य फुकट मिळूं लागलें. तें घेणारांची संख्या ३,२०,००० पर्यंत गेली होती. ज्यूलियस सीझरनें ती १,५०,००० वर आणली. भुकेल्यास अन्न देणें हें पुण्यच. परंतु ज्यानें जमीन मागितली त्याच्या पदरांत धान्य टाकणें हा न्याय नव्हे.

ग्रंथ लिहिणाऱ्यांचें मत आपण ऐकलें. मग ज्यांच्याविषयीं तें होतें, त्यांना स्वतःला आपल्या कामाची लाज वाटत होती काय? याचें उत्तर रोमच्या पोर्टा माज्जोरे या वेशीपाशीं दगडांत कोरलेलें आहे. युरिसेसीस नांवाच्या एका भटारखानेवाल्याची ती समाधि आहे. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या उत्तरार्धांत ती बांधली गेली. पुढें वेशीच्या बांधकामांत ती बुजली आणि १८३८ मध्यें पुन्हां उजेडांत आली. तो बहुधा मुक्त गुलाम असावा, असें विद्वान् मानतात. समाधीच्या लेखांत त्यानें आपला धंदा अभिमानानें नोंदविला आहे. आणि वरच्या शिल्पपट्टींत धान्य दळणें, पीठ चाळणें, कणीक मळणें, पाव भट्टींत घालणें व तोलून देणें, हीं सर्व कामें करणारे कामकरी कोरविले आहेत. त्याच्या पत्नीच्या अस्थि पावाच्या टोपलींत ठेवल्या होत्या, असें तेथील दुसरा लेख सांगतो. ज्या हातांना सिसेरोनें हलकें ठरविलें, तेच हात तेथें दोन हजार वर्षें पीठ मळीत आहेत.

या दोन साक्षींपैकीं आम्ही भटारखानेवाल्याची साक्ष अधिक मोलाची मानतों. याचा अर्थ सिसेरो वाचूं नये असा मुळींच नाहीं. त्याच्यासारखी भाषा जगांत थोड्यांनाच साधली. परंतु त्याच्या पानांतून दिसतें तें रोम वरच्या मजल्यावरून पाहिलेलें रोम आहे, हें वाचकानें विसरूं नये. शिकलेल्या मनुष्यानें हात मळवूं नयेत ही समजूत रोमबरोबर बुडाली नाहीं. ती आजही पुष्कळ घरांत मानानें नांदते. म्हणूनच प्राचीन इतिहास वाचणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानें, कॉन्सलांच्या नांवांची यादी पाठ झाल्यावर, त्यांच्या ताटांतील भाकरी कोणीं भाजली हाही प्रश्न विचारावा. त्याचें उत्तर शोधतांना रोम तर त्याला कळेलच, पण आपल्या घरचें पीठ कोण दळतें, इकडेही त्याचें लक्ष जाईल.