मातीचे देणे

नव्या मुंबईतील करावे हे गाव खाडीच्या काठी वसलेले आहे. आज त्याच्या भोवती उंच इमारती दिसतात. परंतु पूर्वी खाडीकाठच्या या भागात भाताची खाचरे पसरलेली असत. खारे पाणी शेतात शिरू नये म्हणून गावकरी एकजुटीने बांध घालीत व पावसाच्या गोड पाण्यावर भात पिकवीत. भाताचा पेंढा गुरांना मिळे आणि गुरांचे शेण खत होऊन पुन्हा शेतात जाई. 1970 साली सिडको ही संस्था स्थापन झाली. नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले; त्यांत करावेही होते. खाचरे गेली आणि शेत व गोठा यांच्यातील ते जुने देणेघेणेही थांबले.

लहान शेतात असे देणेघेणे सहज साधते. पण शेकडो एकरांचे शेत सेंद्रिय खतावर कसे चालवावे, असा प्रश्न अनेक जण विचारतात. या प्रश्नाचा विचार इंदूर येथे फार पूर्वी झाला आहे. होळकरांच्या त्या नगरीत 1924 साली शेतीच्या संशोधनाची एक संस्था निघाली. तिच्याजवळ सुमारे 300 एकर जमीन होती. आल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ तिचे प्रमुख होते व यशवंत वाड हे त्यांचे सहकारी होते. भारत व चीन येथील शेतकऱ्यांच्या जुन्या रीतींचा अभ्यास करून त्यांनी कंपोस्ट खताची एक पद्धत बसविली. 1931 साली दोघांनी मिळून तिच्यावर पुस्तक लिहिले. पुढे ही पद्धत ‘इंदूर पद्धत’ या नावाने देशोदेशी पोहोचली.

या शेतात टाकाऊ असे काहीच मानले जात नसे. तण, पालापाचोळा, उसाचे पाचट, सारे गोळा केले जाई. कपाशीच्या पळाट्या कठीण असतात, म्हणून त्या शेतातील रस्त्यांवर पसरीत. गाड्यांच्या चाकांखाली व बैलांच्या खुरांखाली त्यांचा भुगा होई. हा कचरा रात्री बैलांच्या अंगाखाली अंथरीत. गोठ्याची जमीन मातीची असे. गोमूत्र मुरलेली ती माती ठराविक काळाने खणून काढीत व तिच्या जागी नवी माती भरीत. मग उथळ खड्ड्यांत कचरा, शेण, ही माती व राख यांचे थर रचीत. त्यावर पाणी शिंपडीत आणि ढीग तीन वेळा वरखाली करीत, कारण सूक्ष्म जंतूंना ओलावा लागतो तशी हवाही लागते. सुमारे तीन महिन्यांत काळेभोर खत तयार होई.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. रासायनिक खताचे पोते घरात आणणे बंद केले, एवढ्याने शेत सेंद्रिय होत नाही. शेत मोठे असले की शिस्तही मोठी लागते. जमीन जेवढ्या गुरांना चारा देऊ शकेल, तेवढीच गुरे पाळावी लागतात. कोणते पीक कोणत्या पिकानंतर घ्यावे, हे आधी ठरवावे लागते. तूर, हरभरा, ताग यांच्या मुळांवरील गाठींतले जंतू हवेतील नत्र घेऊन ते जमिनीस देतात. म्हणून अशा पिकांची पाळी चुकवून चालत नाही. खड्डा वेळेवर न उलटला, तर खत नीट कुजत नाही. ही कामे कष्टाची आहेत. ती करणाऱ्यास योग्य मोबदला व विश्रांती मिळालीच पाहिजे.

रासायनिक खतांनी देशाचे धान्य वाढविण्यास मोठा हातभार लावला, हेही नाकारता येत नाही. ती एकदम बंद करणे धोक्याचे ठरते. 2021 साली श्रीलंकेत रासायनिक खतांच्या आयातीवर अकस्मात बंदी घालण्यात आली. भाताचे पीक घटले आणि काही महिन्यांतच सरकारला माघार घ्यावी लागली. मातीचा कस एका दिवसात जात नाही आणि एका दिवसात परतही येत नाही. म्हणून शेताचा थोडा थोडा भाग वळवीत जाणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

आणि शेतकरी कितीही दक्ष असला, तरी एक उणीव उरतेच. बाजारात गेलेल्या धान्याबरोबर, भाजीबरोबर व दुधाबरोबर मातीतील स्फुरद शहरात जाते. नत्राप्रमाणे ते हवेतून मिळत नाही. शहराने ते परत केले नाही, तर शेत हळूहळू निकस होते. म्हणूनच या प्रश्नाचा संबंध करावे गावाशी आजही आहे. तेथे आता भात पिकत नसला, तरी घरोघरी भात शिजतोच. भाज्यांची देठे, फळांच्या साली व उष्टे अन्न काचेत आणि प्लॅस्टिकमध्ये मिसळले की त्याचा केवळ उकिरडा होतो. तेच वेगळे ठेवले, तर त्याचे खत होऊ शकते. ओला कचरा निराळा ठेवण्याचे काम लहान मुलासही करता येते. ज्या मातीने अन्न दिले, तिचे देणे फेडण्याचा आरंभ घरच्या स्वयंपाकघरातूनच झाला पाहिजे.