पाडण्यापूर्वी एक छायाचित्र

भुलेश्वरच्या गर्दीतून वाट काढीत जाणाऱ्या माणसाला, जवळच्याच एका दरवाजाआड गाईगुरांचा मोठा गोठा आहे याची सहसा कल्पना नसते. मुंबईची पांजरापोळ १८३४ साली स्थापन झाली. तिच्याभोवती बाजार वाढला, इमारतींवर मजले चढले. आतले मोकळे आवार आणि गुरे मात्र तेथेच राहिली. भेंडीबाजारानजीक इमामवाड्याच्या रस्त्याला १८६० साली बांधलेली इराण्यांची मोगल मशीद आहे. निळ्या फरशांनी मढविलेल्या तिच्या दर्शनी भिंतीआड हौद आहे, झाडे आहेत, आणि भर वस्तीत अवघडच वाटावी अशी शांतता आहे. फणसवाडीच्या चाळींमधून अचानक दाक्षिणात्य धाटणीचे बालाजीचे देऊळ समोर येते. माझगावात चिनी लोकांचे देऊळ आहे. चर्चगेटनजीक, कचेऱ्यांना जाणाऱ्यांच्या लोंढ्याच्या कडेला, १७२५ सालची भिखा बेहराम विहीर अजून पाणी राखून आहे.

गिरगावात तर वाड्यांची नावेच हकिकत सांगतात. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी. बागा केव्हाच गेल्या, नावे उरली. त्या बागा दिसत कशा होत्या, हे दाखविणारे चित्र कोणापाशी मागावे? आज ज्या चाळी, जे चौक आणि जी परसे पाडली जात आहेत, त्यांच्याविषयी आणखी पन्नास वर्षांनी हाच प्रश्न विचारला जाईल. तेव्हाही उत्तर मिळाले नाही तर ‘त्या काळी साधन नव्हते’ ही सबब चालणार नाही. कारण साधन आज ज्याच्या त्याच्या खिशात आहे.

रविवारी सकाळी जुन्या मुंबईत कॅमेरे घेतलेली मंडळी घोळक्याने फिरताना दिसतात. खोताच्या वाडीतील लाकडी जिने, गॅलऱ्या आणि रंगीत ओसऱ्या यांची छायाचित्रे असंख्य निघाली असतील. हा छंद चांगलाच आहे. त्याने पुष्कळांना आपल्याच शहराची ओळख करून दिली. परंतु सुंदर छायाचित्र आणि उपयोगी नोंद या दोन वेगळ्या वस्तू होत. ज्या चित्राखाली पत्ता नाही, तारीख नाही, ते कोणत्या दिशेने घेतले याचा उल्लेख नाही, ते काही वर्षांनी कोणत्याही शहराच्या कोणत्याही गल्लीचे म्हणून खपेल. शिवाय छंदाची दृष्टी स्वभावतःच निवडक असते. ती नक्षीदार कठडा टिपते, त्याखालचा सार्वजनिक नळ टिपीत नाही. चौकाचे जीवन मात्र त्या नळाभोवती घडलेले असते.

या बाबतीत पॅरिसच्या यूजेन अत्जे याचे उदाहरण मननीय आहे. १८५७ मध्ये जन्मलेला हा गृहस्थ तरुणपणी खलाशी होता, पुढे नाटक मंडळीत नट झाला. दोन्हीकडे फारसे साधले नाही. चाळिशीच्या सुमारास त्याने लाकडी कॅमेरा आणि १८ बाय २४ सेंटिमीटरच्या काचपट्ट्या उचलल्या, आणि जुन्या पॅरिसची छायाचित्रे घेण्याचा व्यवसाय मांडला. व्यवसाय हा शब्द येथे मुद्दाम वापरला आहे. अत्जे स्वतःला कलावंत म्हणवीत नसे. चित्रकारांना, वास्तुशिल्पींना आणि ग्रंथालयांना लागणारी कागदपत्रे आपण पुरवितो, अशी त्याची भूमिका होती. मोठमोठ्या वाड्यांचे गाडीदरवाजे ओलांडून तो आतल्या चौकांत शिरे. जिने, कठडे, दारावरच्या कड्या, कोपऱ्यातील विहीर, भिंतीला टेकवून ठेवलेली हातगाडी, असे सारे तो क्रमाने टिपी आणि विषयवार लावून ठेवी. १९२० साली त्याने जुन्या पॅरिसच्या २,६२१ काचपट्ट्या फ्रेंच सरकारला विकल्या. त्या वेळी लिहिलेल्या पत्रात, आपल्यामागे हा संग्रह सांभाळणारे कोणी नाही, ही काळजी त्याने व्यक्त केली होती. १९२७ मध्ये तो वारला. आज जग त्याला थोर कलावंत मानते. हा मान मिळविण्यासाठी त्याने काय केले, तर दारामागून दार उघडले आणि प्रत्येक चित्राला ठिकाणाचे नाव दिले!

अत्जेच्या चित्रांचे महत्त्व पुढे एका अनपेक्षित मार्गाने सिद्ध झाले. १९६२ साली फ्रान्समध्ये जुन्या वस्त्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि १९६४ मध्ये पॅरिसमधील मारे हा भाग संरक्षित ठरला. वाडे वाचले, परंतु त्यांना ‘मूळ रूप’ देण्याच्या भरात चौकांत मागाहून उभारलेल्या कार्यशाळा आणि छपऱ्या काढून टाकण्यात आल्या. त्यांबरोबर कारागीर गेले, आणि भाडी वाढल्यावर जुने रहिवासीही गेले. पाडापाडी इतिहास पुसते हे सर्वांना ठाऊक असते. जतनही तो पुसू शकते, हे मारेने दाखविले. सतराव्या शतकातील दगड आज तेथे लखलखीत आहेत. त्या दगडांच्या सावलीत मधली दोनशे वर्षे ज्यांनी कष्ट केले, त्यांच्या हातगाड्या आणि फळ्या अत्जेच्या काचपट्ट्यांत तेवढ्या राहिल्या.

लंडनमध्ये हे काम एका मंडळाने केले. सेंट पॉल्सच्या जवळ ‘ऑक्सफर्ड आर्म्स’ नावाची जुनी सराई होती. आत चौक, चौकाभोवती लाकडी सज्जे, आणि त्या सज्ज्यांवर राहणारी गरीब बिऱ्हाडे. गिरगावकराला ओळखीचे वाटावे असेच हे दृश्य. ती पाडणार असे कळताच १८७५ मध्ये जुन्या लंडनच्या अवशेषांची छायाचित्रे घेण्यासाठी काही नागरिकांनी एक संस्था काढली. सराई वाचली नाही. पण १८८६ पर्यंत त्या संस्थेने १२० छायाचित्रे प्रसिद्ध केली, आणि ती लवकर विटू नयेत म्हणून कार्बन पद्धतीने छापली. सभासद मूठभर होते. विषय नेमका होता, आणि मुद्रणाच्या टिकाऊपणाचा विचार पहिल्या दिवसापासून होता.

येथे एक आक्षेप संभवतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. पॅरिसचे जुने रस्ते अत्जेच्या आधी शार्ल मार्व्हिल याने टिपले होते. पण तो नगरपालिकेचाच छायाचित्रकार होता, आणि तीच नगरपालिका ओस्मानच्या योजनेखाली ते रस्ते पाडीत होती. ग्लासगोतही असेच घडले. तेथील कोंदट गल्ल्यांची टॉमस अ‍ॅनन याने १८६८ ते १८७१ या काळात घेतलेली चित्रे वस्तीसुधारणा करणाऱ्या विश्वस्त मंडळाच्याच सांगण्यावरून घेतली होती. तेव्हा छायाचित्र हे पाडण्याच्या परवान्याला जोडलेले सोयीचे तिकीट ठरते, एकदा चित्र काढले की मन निर्धास्त होते, असे कोणी म्हटले तर त्यात तथ्य आहे. परंतु याचा अर्थ चित्रे नकोत असा होत नाही. अ‍ॅननच्या चित्रांत गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली मुले हलल्यामुळे अंधूक उमटली आहेत. त्या मुलांचा ग्लासगोच्या त्या गल्लीशी असलेला संबंध सांगणारा दुसरा पुरावा नसेलही. पाडणाऱ्याने काढलेले चित्रसुद्धा पाडणाऱ्याच्या हेतूपेक्षा अधिक काही सांगून जाते.

मुंबईला हे शास्त्र परके नव्हते. लंडनची फोटोग्राफिक सोसायटी १८५३ ची; मुंबईची १८५४ ची! एका वर्षाचेच अंतर. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा त्या सोसायटीशी संबंध होता, आणि एल्फिन्स्टन संस्थेत १८५५ मध्ये छायाचित्रणाचा वर्गही निघाला होता. इतक्या लवकर आरंभ केलेल्या शहराला आपल्या चाळींची आणि वाड्यांची पद्धतशीर चित्रनोंद करावी असे पावणेदोनशे वर्षांत सुचू नये, हे नवल म्हणावे लागेल.

मुंबईत १९९५ साली वारसा नियमावली लागू झाली. देशात अशी ती पहिलीच होती. तिने निवडक इमारतींना श्रेणी दिल्या आणि काहींचे प्राण वाचविले. यादीबाहेरच्या इमारतींचे काय? शहरातील उपकरप्राप्त इमारतींची मूळ संख्या १९ हजारांहून अधिक होती. त्यांपैकी बहुतेकींच्या नावे कोणतीही श्रेणी नाही, आणि पुनर्विकासात त्या एकामागून एक जात आहेत. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवरील सुमारे २५० इमारतींचा पुनर्विकास हाती घेण्यात आला. गिरगाव-काळबादेवीतील काही जुन्या इमारती भुयारी मेट्रोसाठी पाडल्या गेल्या. ती मार्गिका २०२५ मध्ये पूर्णपणे सुरूही झाली. या पाडकामाला विरोध करणे हा येथे हेतू नाही. वाळवी लागलेल्या वाशाखाली झोपणाऱ्या माणसाला वास्तुसौंदर्याचे प्रवचन देणे ही क्रूर चेष्टा होय. पावसाळ्याच्या प्रत्येक रात्री छत ऐकत पडून राहणाऱ्या भाडेकरूला नवे घर हवे, आणि ते त्याला मिळालेच पाहिजे.

मागणी याहून पुष्कळ लहान आहे. जुन्या इमारतीची रचनात्मक तपासणी होते तेव्हा अहवालाला छायाचित्रे जोडावी लागतात. ती भेगांची असतात, गंजलेल्या सळयांची असतात, फुगलेल्या गिलाव्याची असतात. म्हणजे कॅमेरा घेतलेला माणूस इमारतीत शिरतो, प्रत्येक मजल्यावर जातो, आणि फक्त दुखणे टिपून परततो. माणसाच्या पश्चात त्याचे क्ष-किरण चित्र तेवढे घरात उरावे, तशी ही गत आहे. त्याच फेरीत आणखी वीस-पंचवीस चित्रे घेतली तर खर्च किती वाढेल? रस्त्याकडील बाजू, दिंडी, जिना, चारही दिशांनी चौक, गॅलरी, मागचे परस, छप्पर, नळ, तुळशीवृंदावन. आणि प्रत्येकाखाली पत्ता, नगरभूमापन क्रमांक, तारीख, दिशा. इमारत ‘सी-१’ वर्गात जाऊन पाडण्यास मोकळी होण्यापूर्वी अशी नोंद महापालिकेकडे दाखल झालीच पाहिजे, एवढी एक अट नियमात घालावी. पुण्याच्या पेठांनाही ती तितकीच लागू पडेल. १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठचे किती वाडे गेले ते सांगणारे लोक आता विरळ होत चालले आहेत. आणि जे वाडे पुरातून वाचले त्यांची देवडी, हौद, माजघर ही इमारत-विकासाच्या पुरात निमूटपणे जात आहेत.

चौक ही सार्वजनिक जागा नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. तो दहा-वीस बिऱ्हाडांच्या घराचा भाग असतो. वाळत घातलेले लुगडे, दारातल्या खाटेवरचे आजोबा, गॅलरीत अभ्यास करणारी मुलगी, या कोणाच्याही परवानगीवाचून टिपण्याच्या वस्तू नव्हेत. रविवारच्या कॅमेरेवाल्यांविषयी वाड्यांतून जी कुरबूर ऐकू येते ती अगदी रास्त आहे. प्रथम विचारावे, नाही म्हटल्यास परत फिरावे, आणि घेतलेल्या चित्राची एक प्रत त्या घरी नेऊन द्यावी. प्रत दिल्याने आणखी एक लाभ होतो. घरातली वडीलधारी माणसे चित्र हातात घेऊन बोलू लागतात; येथे पूर्वी आड होता, तेथे अमुक मास्तर राहत, ही भिंत नंतर घातली. ते चित्रामागे लिहून घेतले की नोंद पुरी झाली.

किंबहुना उत्तमोत्तम चित्रे आजही घरोघरच्या ट्रंकांत पडून असतील. मुंजीची, साखरपुड्याची, मुलाच्या पहिल्या वाढदिवसाची. पुढे माणसे उभी, आणि त्यांच्यामागे सहज आलेली गॅलरी, कठडा, चौकातला पार. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणेशोत्सव होतो. अशा उत्सवांच्या चित्रांत मूर्ती असते, मखर असते, पाहुणे असतात, आणि त्यांच्या खांद्यांआडून चाळ डोकावत असते. शाळा-महाविद्यालयांतील इतिहासाच्या शिक्षकांनी ठरविले, तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांकडून एका वॉर्डातील असे संग्रह वर्षभरात गोळा होऊ शकतील. मूळ चित्र घरीच राहावे, प्रत घ्यावी. झाडे लावून पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यांत पुन्हा झाडे लावण्यापेक्षा हे काम निश्चित अधिक टिकेल.

टिकण्याचा प्रश्न मात्र फोनमधील चित्रांबाबत अधिक बिकट आहे. अत्जेची काचपट्टी शंभर वर्षांनी उजेडासमोर धरली तरी दिसते. फोन बदलला, बिघडला वा हरवला की त्यातील हजारो चित्रे कोणाच्या ध्यानीही न येता नाहीशी होतात. म्हणून निवडक चित्रांचे कागदी ठसे काढून ते वॉर्डातील एखाद्या जुन्या ग्रंथालयात, पत्त्यांच्या अनुक्रमाने, कोणालाही पाहता येतील असे ठेवावेत. गिरगाव-दादरच्या ग्रंथालयांत कपाटे आहेत, सेवकवर्ग आहे, आणि वाचक कमी झाल्याची खंतही आहे.

वेळेचा हिशेब तेवढा पाहावयास हवा. अतिधोकादायक इमारतींच्या याद्या दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर प्रसिद्ध होतात आणि लगेच घरे रिकामी करण्याची घाई सुरू होते. त्या घाईत सामान बांधणाऱ्या माणसाकडे कॅमेरा घेऊन जाणे बरे दिसत नाही. फेब्रुवारीपासून विद्यार्थी परीक्षांत गुंततात. राहता राहिले दिवाळीनंतरचे तीन महिने. त्या दिवसांत चौकात ऊनही चांगले उतरते.