मुकी सोबत

दिवाळीचा पहिला दिवा कोणासाठी लागतो, असे विचारले तर शहरातली मुले बहुधा लक्ष्मीचे नाव सांगतील. पण पहिली पणती लागते ती वसुबारसेला, गाय-वासरासाठी. आता तिसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात गाय कुठून आणायची? दारात गोपद्मांची रांगोळी घालायची, बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खायची, की वसुबारस झाली! तरीही वाचकहो, एक प्रश्न उरतोच. एवढ्या मोठ्या सणाच्या उंबरठ्यावर आपल्या पूर्वजांनी आधी जनावराला का उभे केले? त्याच्या उपकारांची फेड म्हणून, हे उत्तर खरे. पण ते अर्धेच आहे. दूध, शेण आणि कष्ट यांपलीकडे जनावर माणसाच्या मनालाही काहीतरी देते.

ते काय देते, हे पाहायचे तर यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्याकडे जावे. तेलंगणाच्या सीमेला लागलेला, पैनगंगेच्या काठचा हा मुलूख. गोंडांची गावे, कोलामांचे पोड आणि काळ्या जमिनीतला कापूस. या भागात श्रावणी अमावस्येला पोळा भरतो. आदल्या दिवशी बैलाला जुवापासून सुट्टी. त्याला न्हाऊ घालायचे, वर्षभर ओझे वाहिलेला त्याचा खांदा ऊन पाण्याने शेकायचा, हळद-तूप लावून हलक्या हाताने चोळायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्याला द्यायचे. याला म्हणतात खांदमळणी. स्वतःच्या दुखऱ्या खांद्याबद्दल घरात चकार शब्द न काढणारा शेतकरी त्या संध्याकाळी बैलाशी मात्र मोकळेपणाने बोलतो. बैल सल्ला देत नाही आणि “मी तेव्हाच सांगितले होते” असेही म्हणत नाही. आपल्यातल्या किती नातेवाइकांना हे जमते?

या जिल्ह्याचे नाव आपण गेली कितीतरी वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांतून वाचत आलो आहोत. कोरडवाहू शेती, लहरी पाऊस, डोक्यावरचे कर्ज, यांतले एकही दुखणे बैल दूर करू शकत नाही. उलट कुटार आणि ढेपेचा खर्च वाढतोच. पण पीक बुडाले तरी पहाटे दावणीपाशी जावेच लागते. पाणी दाखवणे, शेण काढणे, वैरण टाकणे, ही कामे माणसाला अंथरुणातून उठवतात. खचलेल्या मनाला ‘आपले कुणाला काही काम उरले नाही’ असे वाटत असते. दावणीचे जनावर त्याला रोज दोन वेळा उलट उत्तर देते. आता अनेकांनी जोडी विकून भाड्याचा ट्रॅक्टर धरला आहे. हिशोबाने ते बरोबरही असेल. मात्र रिकाम्या गोठ्याकडे पाहून म्हातारा माणूस गप्प झाला, तर त्याला हळवा म्हणून हसू नये. त्याच्या दिवसाचा आधारच गेलेला असतो.

जे गोठ्यात ठाऊक होते ते दवाखान्यात पोहोचायला मात्र वेळ लागला. बोरिस लेव्हिन्सन नावाचे मानसशास्त्रज्ञ अमेरिकेत मुलांवर उपचार करीत. कोणाशी न बोलणारा एक मुलगा एकदा ठरल्या वेळेआधीच आला, तेव्हा त्यांचा जिंगल्स नावाचा कुत्रा खोलीतच होता. मुलगा त्याच्याशी रमला आणि हळूहळू डॉक्टरांशीही बोलू लागला. लेव्हिन्सन यांनी १९६२ मध्ये यावर लेख लिहिला. पुढे १९८० मध्ये एरिका फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांची वर्षभराची हकीकत प्रसिद्ध केली. घरी प्राणी असलेल्या ५३ जणांपैकी ३ दगावले. नसलेल्या ३९ जणांपैकी ११. नंतरच्या प्रत्येक पाहणीत असाच निष्कर्ष निघाला असे मात्र नाही. तेव्हा कुत्रा म्हणजे रामबाण औषध, असे कोणी सांगू लागले तर विश्वास ठेवू नये.

शहरात बैल नाही. पण निवृत्त झालेले आजोबा आहेत, दिवसभर एकटी असणारी गृहिणी आहे, शाळेतला अपमान आईला न सांगणारा मुलगा आहे. आजोबांना ‘फिरायला जा’ म्हणून दहादा सांगून उपयोग होत नाही. दोरी तोंडात धरून दाराशी बसलेला कुत्रा ते काम एका नजरेत करतो. शिवाय वाटेत चार माणसे थांबून त्याची चौकशी करतात आणि मग आजोबांचीही! मांजर असो, पिंजऱ्याबाहेर हिंडणारे कासव असो, की गॅलरीत दाणे टिपायला येणाऱ्या चिमण्या. कोणीतरी आपली वाट पाहते, ही जाणीव महत्त्वाची.

पण म्हणून वाढदिवसाची भेट म्हणून पिल्लू आणू नये. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. त्याच्या लशी, आजारपण, सुट्टीतली सोय, हे सारे कोण पाहणार, याचा निर्णय आधी घरात व्हावा. विटलेल्या खेळण्यासारखा रस्त्यावर सोडलेला प्राणी हे आपल्या घराला शोभणारे नाही. आणि घरातल्या कोणाची झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर प्राण्यावर विसंबून न राहता डॉक्टरांना गाठावे. सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.

आता दिवाळीपुरते एक काम सांगतो. माणसाला ऐकू न येणारे आवाजही कुत्र्याला ऐकू येतात. मग सुतळी बॉम्बने त्याचे काय होत असेल! फटाके सुरू होण्याआधीच त्याला फिरवून आणा, खिडक्या लावून घ्या, पलंगाखाली दडला तर ओढून काढू नका, नुसते जवळ बसा. वर्षभर तो तुमच्याजवळ काही न विचारता बसला; लक्ष्मीपूजनाच्या रात्री तेवढेच आपण त्याच्यासाठी करायचे.