टोपलीतून काय फेकायचे?

जागतिक आदिवासी दिनाच्या निमित्ताने ऑगस्टमध्ये ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरतात. कृषी विभागाने 2020 मध्ये हा पायंडा पाडला आणि तो चांगला रुजला. चंद्रपूर-गडचिरोलीत अशा मांडवाला भाज्यांची वाण नाही. काटवल आहेत, तरोटा आहे, वास्ते आहेत आणि पळसाच्या पानावर मांडलेल्या सात्या, म्हणजे रानातली अळिंबी, याही आहेत. पाहुणे येतात, फीत कापतात, पाककृतींना बक्षिसे देतात. काय खायचे हे त्या मांडवात सगळे सांगतात. काय फेकायचे, हे सांगणारा कोपरा मात्र बहुधा नसतो. सात्यांच्या बाबतीत ही उणीव जिवावर बेतणारी आहे.

सात्या जाणणारी बाई टोपी बघण्याआधी जागा बघते. ही अळिंबी वारुळाच्या जमिनीतूनच येते, कारण तिची शेती वाळवी करते. पालापाचोळा चघळून वाळवी जमिनीखाली मऊ, जाळीदार थर रचते, त्यावर ही बुरशी पोसते आणि तीच खाते. पाऊस जमिनीत मुरला की त्या थरातून लांबलचक मूळ वर येते आणि टोकदार टोपी माती फोडते. माणसाला ही शेती अजून जमलेली नाही, म्हणून सात्यांचा भाव मटणाशी बरोबरी करतो.

तिच्यासारखीच दिसणारी एक छत्री हिरवळीवर, उकिरड्यावर, वसाहतींच्या बागांत उगवते. तिच्या देठाला कडे असते, खाली वारुळापर्यंत जाणारे मूळ नसते. कोवळेपणी टोपीखालच्या पापुद्र्या पांढऱ्याच असतात, पुढे हिरवट पडतात. टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली तर सकाळी हिरवट भुकटीचा ठसा दिसतो. सात्यांचा ठसा गुलाबीसर पडतो. ही हिरवट छत्री खाल्ली तर दोन-तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. माणूस हैराण होतो, पण बहुतेक वेळा वाचतो.

खरा घात करणाऱ्या जाती वेगळ्या. त्यांच्या देठाच्या बुडाशी पिशवीसारखे आवरण असते आणि वरून उपटले की ते मातीतच राहते, म्हणजे ओळखीची खूणच मागे राहते. शंका आलेली एक तरी छत्री काडीने खणून बघावी ती यासाठी. या विषाला उकळण्याने काही होत नाही. चांदीचा चमचा काळा पडतो, हळद रंग बदलते, किडीने खाल्लेली ती चांगली, या सगळ्या समजुती बिनकामाच्या आहेत. त्याहून वाईट म्हणजे हे विष उशिरा बोलते. सहा-बारा तास, कधी त्याहून जास्त काळ काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब, मग दुसऱ्या दिवशी जरा बरे वाटते आणि तोवर यकृत निकामी होऊ लागलेले असते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो. अशा वेळी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी थांबलेल्या रोग्याचे काय होईल? म्हणून जेवणानंतर सहा तासांनी सुरू झालेली उलटी ही लगेच सुरू झालेल्या उलटीपेक्षा जास्त घाबरण्याची, आणि दवाखान्यात जाताना उरलेल्या छत्र्या सोबत न्यायच्या, या दोन गोष्टी तरी प्रत्येक आशाताईच्या तोंडी हव्यात.

जुनी माणसे चुकत नाहीत, असे आपण सहज म्हणतो. ती आपल्या रानात क्वचितच चुकतात. रान बदलले की तीच नजर दगा देते. 2015 मध्ये जर्मनीत नव्याने आलेल्या निर्वासितांनी ओळखीची समजून तिथली विषारी छत्री खाल्ली आणि हॅनोव्हरच्या रुग्णालयाला त्यांच्या भाषांत इशारापत्रके काढावी लागली. आपल्याकडे एप्रिल 2022 मध्ये आसामात रानअळिंबी खाऊन तेरा जण दगावले. त्यांत बरेच जण चहामळ्यांच्या वस्त्यांतले होते. त्या वस्त्यांचे पूर्वज छोटा नागपूर आणि मध्य भारतातून तिकडे नेले गेले, हे इथे आठवते. चंद्रपूरच्या कोळसा खाणींवर आणि कारखान्यांत परमुलखातून आलेली कुटुंबेही पावसाळ्यात रस्त्याकडेच्या छत्र्या बघतातच.

इथल्या मुलांचे काय? सात्या येतात जुलै-ऑगस्टात आणि नेमकी तेव्हा मुले आश्रमशाळेच्या वसतिगृहात असतात. आईमागून रानात फिरण्याचे दिवस फळ्यासमोर जातात. शाळा नको असे कोणी म्हणणार नाही, पण आईकडून मिळणारा हा धडा शाळेने बुडवला आहे, तर त्याची भरपाई शाळेनेच करावी. गावातल्या जाणत्या बाईला बोलावून सात्यांचा एक तास घेणे कोणत्याही अभ्यासक्रमाला जड नाही.

इथे सुरक्षिततेचा आणखी एक अर्थ आहे. 10 मे 2025 रोजी सिंदेवाही तालुक्यात मेंढामालच्या जंगलात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका वाघिणीने मारल्या. सात्या शोधणारी बाईही तशीच वाकलेली असते, नजर जमिनीवर. गटाने जाणे, झुंजुमुंजू टाळणे, एकीने टेहळणी करणे हेही शिक्षणच.

अळिंबी ओळखायला परदेशांत मंडळे आहेत. बोस्टनचा हौशी अळिंबीप्रेमींचा क्लब 1895 पासून चालतो. स्वित्झर्लंडमध्ये अळिंबी तपासनीसांची संघटना 1925 मध्ये उभी राहिली. लोक टोपली घेऊन तपासनीसाकडे जातात, तो विषारी ते काढून टाकतो. आपल्याला क्लबाची नक्कल करायची गरज नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने 2009 मध्ये देशात सर्वांत आधी सामूहिक वनहक्क मिळवला, त्यामागे गावातल्या अभ्यासगटांची वर्षानुवर्षांची सवय होती. सात्यांचा अभ्यासगट हे त्याच सवयीचे पुढचे काम आहे. वनहक्क कायद्याने गौण वनोपज म्हणजे वनस्पतीजन्य उपज असे म्हटले आणि त्यात मध नि कोशही बसवले. अळिंबीचे नाव राहिलेच. कायदा लिहिणाऱ्यांनी सात्या खाल्ल्या नसाव्यात! ग्रामसभांनी निदान आपल्या लोक जैवविविधता नोंदवहीत तिला पान द्यावे: फोटो, गावातले नाव, जागा, नक्षत्र.

यंदाच्या महोत्सवात पाककृती स्पर्धेशेजारी आणखी एक टेबल मांडा. एका बाजूला सात्या, दुसऱ्या बाजूला त्यांच्यासारख्या दिसणाऱ्या विषारी छत्र्या, समोर पांढऱ्या कागदावरचे ठसे. टेबलामागे कृषी विज्ञान केंद्राच्या तज्ज्ञाबरोबर गावातली बाई बसवा आणि व्याख्यात्याला देता तेच मानधन तिला द्या. कोणी टोपली घेऊन आला आणि एखादी जात दोघांनाही ओळखता आली नाही, तर ती टोपलीतून काढायची आणि नोंदवहीत लिहायची.