दहाव्या दिवसाचा ताप

आज जरा गंभीर विषय. केमोथेरपी म्हटलं की आपल्याकडे सगळे केस गळण्याबद्दल आणि उलट्यांबद्दल बोलतात. ते डोळ्यांना दिसतं ना! पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात ते दिसत नाही, आणि जीवाला धोका तिथेच जास्त. आमच्या जवळच्या नात्यात एक केमो पूर्ण झाली, तेव्हापासून यावर लिहायचं मनात होतं.

गोष्ट साधी आहे. केमोचं औषध झपाट्याने वाढणाऱ्या पेशी मारतं. कॅन्सरच्या पेशी तशा असतात, आणि हाडांच्या मगजात रक्त तयार करणाऱ्या पेशीही तशाच. म्हणून औषध दिल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. यातल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी म्हणजे आपले पहारेकरी. रिपोर्टमध्ये एकूण पेशी 1800 आणि न्यूट्रोफिल 20 टक्के असतील, तर पहारेकरी उरले फक्त 360. 500 च्या खाली गेले की आतड्यातले, तोंडातले नेहमीचे जंतूसुद्धा रक्तात शिरू शकतात. पेशी जितक्या कमी आणि जितके जास्त दिवस कमी, तितका संसर्ग जास्त, हे 1966 सालीच अमेरिकेतल्या डॉक्टरांनी दाखवून दिलं होतं.

आणि यात मेख अशी की पेशीच नसल्यामुळे पू होत नाही, सूज फारशी येत नाही. ताप ही एकच खूण. 101 च्या आसपास एकदा जरी गेला, किंवा 100.4 तासभर टिकला, तर ती इमर्जन्सी. पहिलं अँटिबायोटिक दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून जायला हवं, असं जगभरचे डॉक्टर सांगतात.

आता हा तास आपल्या जिल्ह्यात मांडून बघा. केमो कुठे होते? नागपूरला, छत्रपती संभाजीनगरला, नाहीतर मलकापूर किंवा शेगावहून रात्रीची गाडी धरून मुंबईला टाटामध्ये. औषध घेऊन माणूस तीन-चार दिवसांत घरी येतो. म्हणजे तो सातवा, दहावा दिवस उगवतो तो संग्रामपूरच्या नाहीतर लोणारच्या एखाद्या खेड्यात. रात्री ताप चढतो, घरातले क्रोसिन देतात, सकाळी गावातला डॉक्टर सलाईन लावतो. गोळीने आकडा उतरतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पण आत जंतू वाढतच असतात. म्हणून माझं ठाम मत आहे की केमोच्या घरात तापाची गोळी देण्याआधी थर्मामीटर लागला पाहिजे आणि फोन झाला पाहिजे.

हे टाळता येतं का? बऱ्याच अंशी येतं. फिलग्रास्टिम नावाचं इंजेक्शन मगजाला नवीन पेशी करायला लावतं. ते 1991 पासून वापरात आहे, आणि भारतीय कंपन्याही ते कधीच्या बनवतात. ज्या औषधांनी असा ताप येण्याची शक्यता 20 टक्क्यांहून जास्त, तिथे ते आधीच देतात, केमो संपल्यावर किमान 24 तास सोडून. त्याने हाडं दुखतात, घाबरायचं नाही. ते 2 ते 8 डिग्रीत ठेवावं लागतं, फ्रीजरमध्ये मात्र नाही. खामगावहून गावाकडे नेताना बर्फाचा डबा हवा, आणि आपल्याकडची वीज सगळ्यांना ठाऊक आहेच! ते लागेल का, हे डॉक्टरांना पहिल्याच केमोला विचारावं. पपईच्या पानांचा रस, बकरीचं दूध यांच्यावर विसंबू नये. फक्त शिजवलेलंच खा, या कडक पथ्याने संसर्ग कमी होतात असंही चाचण्यांत दिसलेलं नाही. ताजं, स्वच्छ धुतलेलं खावं, हात साबणाने धुवावेत, तोंड स्वच्छ ठेवावं.

आता नातेवाईकांसाठी. आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला जाणं हे कर्तव्य. जीप भरून माणसं येतात, उशाशी बसतात, सर्दी-खोकल्यासकट. भावना खरीच असते हो, पण त्या आठवड्यात फोन केला तर जास्त माया होईल. घरातल्या एकाने वाईटपणा घ्यावा आणि दारातच सांगावं. रागावलेला पाहुणा महिन्याभरात पुन्हा बोलायला लागतो.

शेवटचा मुद्दा सरकारचा. 2025 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत केमोची डे-केअर केंद्रं काढायची घोषणा झाली. चांगलंच आहे, प्रवास वाचेल. पण केमो दुपारी संपते आणि ताप दहा दिवसांनी मध्यरात्री येतो. तेव्हा तालुक्याच्या दवाखान्यात रक्त तपासायची सोय आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस रात्रीही मिळायला हवा. आणि प्रत्येक पेशंटच्या खिशात मराठीत एक कार्ड हवं: केमो कधी झाली, कुठलं औषध, ताप आला तर काय करायचं, कुणाला फोन करायचा. अशा कार्डाला कितीसा खर्च येतो?

सरकारी कार्ड येईल तेव्हा येईल. तोवर तुमच्या ओळखीत कुणाची केमो चालू असेल तर एका कागदावर हे सगळं लिहून द्या आणि सोबत एक थर्मामीटर द्या. फळांच्या पिशवीपेक्षा ते नक्कीच उपयोगी पडेल.