जुनी आलिशान मोटार : मान कीं भार ?

मोटार हें आमच्या मावळांत आतां नवलाचें वाहन राहिलेलें नाहीं. वराळ्याच्या ज्या रस्त्यानें एके काळीं भाताच्या पेंढ्यांनीं लादलेल्या बैलगाड्या तळेगांवाकडे जात, त्याच रस्त्यावर आज सकाळच्या प्रहरीं मोटारींची रांग लागते. काळ बदलतो तशीं वाहनेंहि बदलतात; त्याबद्दल कोणीं खेद करूं नये. परंतु अलीकडे एक निराळाच प्रकार दृष्टीस पडूं लागला आहे. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीं जी मोटार केवळ बड्या कारखानदाराच्या दारीं उभी असे, ती आज एखाद्या साध्या नव्या मोटारीच्या किंमतींत, कधीं तर तिच्या निम्म्या किंमतींत, कोणासहि मिळूं शकते. आणि मिळते म्हणून पुष्कळ कुटुंबें ती घेतात. अशी मोटार घ्यावी कीं न घ्यावी, आणि घेतल्यास ती कशी बाळगावी, याचा थोडा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं करावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम या मोटारींच्या पदरीं त्यांचें श्रेय घालणें न्यायाचें होईल. मर्सिडीझ-बेंझ या जर्मन कंपनीची भारतीय शाखा इ. स. १९९४ मध्यें स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षीं पिंपरी येथें टेल्कोच्या आवारांत तिची पहिली मोटार जुळवून बाहेर पडूं लागली. पुढें इ. स. २००९ मध्यें हा कारखाना चाकणला गेला. म्हणजे ज्या वाहनास लोक केवळ विलायतेचें लेणें समजतात, त्यांतील कित्येकांचीं अंगें आपल्याच जिल्ह्यांतील कामगारांच्या हातांनीं जोडलेलीं आहेत. पिंपरीस प्रथम तयार झालेली ती जात ‘डब्ल्यू १२४’ या नांवानें ओळखली जाते. युरोपांत ती १९८४ च्या अखेरीस पुढें आली, आणि जगांत तिच्या पंचवीस लाखांहून अधिक मोटारी निघाल्या. तिच्या कांचेवर पाऊस पुसणारा हात एकच असतो, परंतु तो फिरतां फिरतां लांब होऊन दोन्ही वरच्या कोपऱ्यांपर्यंत पोंचतो. दार लोटलें कीं जड लांकडी पेटीचें झांकण बसावें तसा आवाज होतो. डोळ्यांस न दिसणाऱ्या ठिकाणींहि काम चोख केलेलें असतें. प्रस्तुत लेखकाच्या घरीं या जातीची १९९६ सालची एक मोटार गेलीं सात वर्षें आहे. म्हणून पुढें जें लिहिलें आहे तें केवळ ऐकीव नव्हे.

आतां व्यवहाराकडे वळूं. या बाबतींत एक नियम मुलांनीं देखील पाठ करून ठेवण्यासारखा आहे : मोटारीची किंमत तिच्या वयाप्रमाणें उतरते, परंतु तिचा खर्च तिच्या कुळाप्रमाणेंच राहतो. राजाच्या पागेंतील घोडा लिलावांत स्वस्त मिळाला, म्हणून तो भाड्याच्या तट्टाइतकाच चारा खाईल, असें नाहीं. जी मोटार नवी असतां अनेक लहान मोटारींच्या मोलाची होती, तिचा पाण्याचा पंप, तिची गीअरपेटी, तिच्या चाकांचे सांधे हे आजहि त्याच मोलाचे आहेत. उलट तीं अंगें दुर्मिळ झाल्यामुळें कधीं अधिकच महाग पडतात. शिवाय रबर हें चालण्यानें झिजतें तसेंच नुसत्या उभें राहण्यानेंहि सुकतें. गाडी फार फिरलेली नाहीं, ही विकणाऱ्याची ग्वाही म्हणूनच अर्धवट आहे. नळ्या, पट्टे, खिडक्यांच्या कडा यांचीं वर्षें मोजावीं, नुसते मैल मोजूं नयेत.

त्यांत आमचा मावळ म्हणजे पावसाचें आगर. कांचेखालील पन्हाळींत झाडांचीं पानें अडकलीं कीं पाणी साचतें, आणि पत्रा आंतून गंजूं लागतो. वरचा रंग मात्र आरशासारखा चकाकत असतो. इंधनाचीहि गोष्ट बदलली आहे. इ. स. २०२५ पासून देशभर विकल्या जाणाऱ्या पेट्रोलांत सुमारें वीस टक्के इथेनॉल असतें. हा द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो, आणि जुन्या मोटारींच्या नळ्या त्याचा विचार करून घडविलेल्या नव्हत्या. त्या वेळेवर बदलाव्या लागतात. आमच्या घरीं या मोटारीच्या जमाखर्चाची निराळी वही आहे. सात वर्षांत दुरुस्तीचा आंकडा खरेदीच्या आंकड्यापुढें गेला. तो जाईल हें आधींच धरलेलें होतें, म्हणून त्याचें दुःख नाहीं. परंतु ज्यानें शिलकीचा शेवटचा रुपया खरेदींतच घातला असेल, त्याच्या दारीं तीच मोटार ताडपत्रीखालीं कुजत पडेल, हें निश्चित समजावें. अशा मोटारी आज किती तरी अंगणांत दिसतात.

आमच्या भागांत या प्रश्नास आणखी एक अंग आहे, आणि तेंच आमच्या मतें अधिक महत्त्वाचें आहे. तळेगांव, नवलाख उंबरे, चाकण या टापूंत कारखान्यांसाठीं जमिनी गेल्या, घरांसाठीं गेल्या, आणि ज्या कुटुंबांनीं पिढ्यान् पिढ्या रोख रक्कम पाहिली नव्हती, त्यांच्या हातीं ती एकदम आली. तिचा पहिला वांटा कित्येक ठिकाणीं अशा मोटारीकडे गेला. यांत हौस होती, आणि वर्षानुवर्षें सोसलेल्या उपेक्षेचें उट्टें काढण्याची इच्छाहि होती. तिची थट्टा करणें आम्हांस रुचत नाहीं. ज्याच्या बापास मोटारवाल्यासाठीं रस्त्याच्या कडेस उतरावें लागलें, त्यास आपणहि एकदां मोटारींत बसावें असें वाटलें, तर त्यांत नवल तें काय ? परंतु पालकांस एवढेंच विचारावेंसें वाटतें कीं, ही रक्कम म्हणजे उत्पन्न होतें, कीं रूप पालटलेली जमीनच होती ? जमीन दरवर्षीं पीक देत असे. मोटार दरवर्षीं पीक मागते. कारखान्यांचाहि भरंवसा धरतां येत नाहीं. तळेगांवास जनरल मोटर्सचा मोठा मोटारींचा कारखाना इ. स. २००८ मध्यें सुरू झाला, आणि २०२० च्या अखेरीस तेथील उत्पादन थांबलें. २०२३ मध्यें तो घेण्याचा करार ह्युंदाई कंपनीनें केला. मधल्या काळांत ज्यांच्या घरीं केवळ त्या पगाराचाच आधार होता, त्यांस शिलकेचें मोल कोणी शिकवावें लागलें नाहीं.

याचा परिणाम मुलांवर काय होतो, हें शिक्षकाच्या दृष्टीस लवकर पडतें. पालकांच्या सभेच्या दिवशीं फाटकापाशीं मोटारी उभ्या राहतात, आणि मुलें एकमेकांचें मोल त्या मोटारींच्या बिल्ल्यांवरून ठरवूं लागतात. जो मुलगा वडिलांच्या मागें दुचाकीवर येतो, तो फाटकाच्या थोडें अलीकडेच उतरतो. मुलांनो, मोटारीचा बिल्ला ती कोणीं घडविली हें सांगतो. आंत कोण बसला आहे, हें सांगत नाहीं. कर्ज काढून आणलेली जुनी दिमाखदार गाडी आणि स्वतःच्या कमाईची साधी दुचाकी यांत अधिक मानाची कोणती, हें तुम्हांस गणित शिकल्यावर समजलें नाहीं, तर तें गणित फुकट गेलें.

मोटार बाळगण्याहूनहि ती चालविण्याची जबाबदारी मोठी आहे. आमच्या घरापासून बोरघाट जवळ. सर जॉन माल्कम यांच्या कारकीर्दींत, इ. स. १८३० मध्यें, या घाटांतून गाडीरस्ता झाला. द्रुतगति मार्ग २००२ मध्यें पूर्ण झाला. पण डोंगराची उंची दोन्ही वेळीं तीच होती. लोणावळ्याहून खोपोलीपर्यंत सुमारें साडेपांचशें मीटर उतरावें लागतें. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण करून पाहावें : माणसांसह सोळाशें किलो वजनाची मोटार इतकें उतरतांना सुमारें ८६ लक्ष जूल एवढी ऊर्जा सोडते. तेवढ्या उष्णतेनें तीस अंशांवरचें पंचवीस लिटरांहून अधिक पाणी उकळीस येईल. ही उष्णता कोठें तरी गेलीच पाहिजे. गाडी खालच्या गीअरमध्यें असली तर बराच भार इंजिन घेतें, कांहीं वारा घेतो. परंतु पेट्रोल वांचविण्याच्या लोभानें गाडी मोकळ्या गीअरवर सोडली, तर बहुतेक सारा भार ब्रेकांवर पडतो. ब्रेकांतील द्रव जुना होतां होतां हवेंतील पाणी शोषतो आणि लवकर उकळूं लागतो. नवा असतां जो २३० अंशांपर्यंत टिकावयाचा, तो ओलावल्यावर १५५ अंशांच्या आसपासच उकळूं शकतो. उकळला कीं नळींत वाफ होते. वाफ दाबली जाते, आणि पायाखालची पट्टी चाकांस न थांबवितां तळास टेकते.

कित्येक जण उतारावर इंजिनच बंद करतात. जड मोटारींत ब्रेकास आणि सुकाणूस इंजिनाचेंच साह्य असतें. इंजिन थांबलें कीं तें साह्य सरतें, आणि एरवीं एका बोटानें वळणारें चाक दोन्ही हातांनीं ओढावें लागतें. म्हणून ज्यास आलिशान जुनी मोटार घाटांत न्यावयाची असेल, त्यानें ब्रेकाचा द्रव दर दोन वर्षांनीं बदलावा, आणि टायरवरील चार आंकडे वाचण्यास शिकावें. ‘२३१८’ असें छापलेलें असेल, तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला आहे. नक्षी कितीहि खोल दिसो, म्हाताऱ्या रबराची पकड ओल्या रस्त्यावर विश्वासाची नसते. तसेंच, आजच्या मोटारींस आवश्यक असलेलीं रक्षणाचीं साधनें या जुन्या गाड्यांत सर्वच असतील असें नाहीं. मागें बसणाऱ्यानेंहि पट्टा बांधावा, हा त्यावरील सोपा व स्वस्त उपाय आहे.

येथें दुसऱ्या बाजूचें म्हणणें ऐकणें अवश्य आहे. कांहीं सुज्ञ लोक म्हणतात कीं, अशा सर्व मोटारी मोडींत काढाव्या. त्या धूर ओकतात, आणि त्यांचा काळ संपला आहे. धुराचा आक्षेप खरा आहे. इ. स. २०२० च्या एप्रिलपासून नव्या मोटारींस जे कडक नियम लागू झाले, त्यांच्या कसोटीस १९९६ ची मोटार उतरणें शक्य नाहीं. दिल्लींत पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्या व दहा वर्षांवरील डिझेल गाड्या यांस बंदी करणारा हुकूम सर्वोच्च न्यायालयानें २०१८ मध्यें उचलून धरला, तो याच कारणानें. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सीहि ऑक्टोबर २०२३ मध्यें रस्त्यावरून गेली, आणि तिच्यासाठीं पुष्कळांचे डोळे ओले झाले तरी नियम मोडला गेला नाहीं.

परंतु दिवसभर शहरांत धांवणारी टॅक्सी आणि महिन्यांतून चार वेळां बाहेर निघणारी, वेळेवर तपासलेली घरची मोटार यांस एकाच मापानें मोजणें आम्हांस पटत नाहीं. आपल्याकडील कायदाहि तसें म्हणत नाहीं. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनीं संपली, तरी योग्यतेची तपासणी करून ती पुढें पांच वर्षांकरितां वाढवितां येते. तिचें शुल्क इ. स. २०२२ च्या एप्रिलपासून सहाशें रुपयांवरून पांच हजारांवर गेलें. आणि आमच्या मतें तें योग्यच आहे. ज्यास जुन्याची हौस आहे, त्यानें त्या हौसेचा भार शेजाऱ्याच्या फुप्फुसांवर न टाकतां स्वतःच्या खिशावर घ्यावा. मोडींत काढणें हा शेवटचा मार्ग असावा, पहिला नसावा. जी वस्तु घडवितांना इतकें लोखंड, इतका कोळसा व इतक्या माणसांचें कौशल्य खर्चीं पडलें, ती केवळ फॅशन पालटली म्हणून फेंकून देणें हा देखील उधळेपणाच होय. आणि जुन्या मोटारीमुळेंच जुने कसबी कारागीर टिकतात. नुसत्या आवाजावरून इंजिनाचें दुखणें ओळखणारा मिस्त्री आमच्या तालुक्यांत अजून आढळतो. त्याच्यापाशीं चार दिवस बसलेल्या मुलास पदार्थविज्ञानाचा एखादा धडा शाळेपेक्षां लवकर समजतो.

तेव्हां आमचा निर्णय असा कीं, जुनी आलिशान मोटार घेणें हें पाप नव्हे, आणि भूषणहि नव्हे. खरेदीइतकीच रक्कम दुरुस्तीसाठीं बाजूस काढून, मुलांच्या शिक्षणाच्या व आजारपणाच्या शिलकेस हात न लावतां, विश्वासू मिस्त्रीस आधीं गाडी दाखवून जो ती घेईल, त्यास ती सुख देईल. ज्याच्यानें हें होणार नाहीं, त्यानें लहान मोटार घ्यावी किंवा एस. टी. नें जावें, त्यानें त्याची उंची तसूभरहि कमी होत नाहीं. आणि ज्याच्या दारीं अशी मोटार आहे, त्यानें दर रविवारीं तिचें झांकण उघडून तेल, पाणी व ब्रेकाचा द्रव मुलांच्या देखत तपासावा. थंड इंजिनाचें झांकण तेवढें उघडावें. तापलेल्या इंजिनाच्या पाण्याच्या टांकीस हात लावूं नये. वस्तु मिळविण्यापेक्षां ती सांभाळण्यांत मनुष्याची खरी योग्यता कळते, हें मुलांस सांगून जितकें समजत नाहीं, तितकें बापाच्या तेलकट हातांकडे पाहून समजतें.