विश्लेषण : इंजिनचं काम काढताय? पिस्टनआधी मोजमाप मागा

बाइक धूर मारायला लागली, की गॅरेजमधलं उत्तर ठरलेलं असतं : ‘हाफ इंजिन करावं लागेल.’ मग ब्लॉक लेथवर जातो, नवा पिस्टन येतो आणि बिल हातात पडतं. डिलिव्हरीवर किंवा दुधाच्या रतिबावर ज्याचं घर चालतं, त्याला ही रक्कम जड जाते. गाडी उभी राहते ते दिवस बुडतात ते वेगळेच. तरीही ग्राहक एक गोष्ट क्वचितच मागतो, ती म्हणजे मोजमाप. ते मागणं हा त्याचा हक्क आहे आणि फायदाही.

धूर नेमका कुठून येतो?

निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पण ते दोन वाटांनी आत शिरतं. अॅक्सिलरेटर पिळल्यावर सतत धूर येत असेल, तर संशय रिंग आणि बोअरवर. सकाळी स्टार्ट करताना किंवा घाट उतरून पुन्हा अॅक्सिलरेटर दिल्यावर धुराचा लोट येत असेल, तर व्हॉल्व्हचं ऑइल सील किंवा गाइड झिजल्याची शक्यता जास्त.

इंजिन खोलण्याआधी कॉम्प्रेशन गेज लावता येतो. दाब कमी दाखवला, तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. दाब वाढला तर रिंग-बोअर झिजलेत. तेवढाच राहिला तर गळती बहुधा व्हॉल्व्हमधून आहे. ही तपासणी काही मिनिटांची आहे आणि ती नको असलेला खर्च वाचवू शकते.

पिस्टन कोणता घ्यावा?

स्प्लेंडरचं उदाहरण घेऊ. बोअर 50 मिमी, स्ट्रोक 49.5 मिमी, म्हणून 97.2 सीसी. बोअर झिजला की तो थोडा मोठा करून ओव्हरसाइझ पिस्टन बसवतात. हे पिस्टन साधारण 0.25 मिमीच्या टप्प्यांनी मिळतात. बोअर सगळीकडे सारखा झिजत नाही, म्हणून तो वर, मध्ये आणि खाली, उभा-आडवा अशा सहा ठिकाणी मोजायचा. झीज निघून जाईल एवढाच लहानात लहान टप्पा निवडायचा. पहिल्याच वेळी 1 मिमीवर उडी मारली, तर पुढच्या वेळी ब्लॉकच बदलावा लागतो. एवढं करूनही गाडी होते जेमतेम 101 सीसी. ही दुरुस्ती आहे, ताकद वाढवण्याचा उपाय नव्हे.

साइझ ठरली की पिस्टन आधी आणायचा, तो मायक्रोमीटरने मोजायचा आणि त्या मापाला बोअर करून घ्यायचा. दोघांमधली फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असते. फट कमी पडली तर पिस्टन जाम होतो, जास्त झाली तर आवाज येतो आणि ऑइल पुन्हा जळू लागतं.

‘फोर्ज्ड टाका, आयुष्यभर टिकेल’ हा सल्ला रोजच्या गाडीला लागू पडत नाही. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर साधारणपणे जास्त फुगतो, म्हणून त्याला जास्त फट लागते. थंड इंजिनमध्ये तो खडखडतो. रेसिंगच्या इंजिनात त्याचा उपयोग आहे. कामावर जाणाऱ्या गाडीला कंपनीच्या दर्जाचा कास्ट पिस्टन पुरतो.

यामाहा आर15सारख्या काही गाड्यांचा सिलिंडर वेगळ्या बनावटीचा असतो. तो नेहमीसारखा रिबोअर होत नाही. ब्लॉक आणि पिस्टन बदलावे लागतात.

हेडचं काम कधी?

माझ्या मते सर्वाधिक टाळाटाळ इथे होते. ब्लॉक नवा आणि हेड तसंच ठेवलं, तर नव्या रिंगांनी धरलेला दाब झिजलेल्या व्हॉल्व्हमधून निसटतो. हेड उतरल्यावर पोर्टमध्ये थोडं पेट्रोल ओतून पाहावं. व्हॉल्व्हच्या कडेने झिरपलं तर सीट बसत नाही.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. आधी गाइड, मग सीट कटिंग, शेवटी लॅपिंग. कारण सीट कापताना गाइडचाच आधार घेतात. गाइड ढिलं असताना नुसतं घासून दिलेलं लॅपिंग फार टिकत नाही. हेडचा पृष्ठभाग वाकलेला आढळला तरच तो घासून सपाट करावा. जास्त घासला तर कॉम्प्रेशन वाढून इंजिन नॉकिंग करू शकतं.

पोर्ट मोठे करून घेणं रोजच्या वापरात उलटच पडू शकतं. कमी वेगात हवेची गती मंदावते आणि गाडीची ओढ कमी होते. मोठा बोअर टाकून सीसी वाढवणं तर थेट आरसीशी विसंगत ठरतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 असा बदल करू देत नाही.

मग बिलावर काय हवं?

चार आकडे : बोअरचं माप, पिस्टनची साइझ, दोघांमधली फट आणि रिंगचा गॅप. मेकॅनिकची बाजूही खरी आहे. मोजायला वेळ लागतो, साधनं स्वस्त नसतात आणि ग्राहक नेमकी त्याच मजुरीवर घासाघीस करतो. ती थांबवायला हवी. पार्ट्सला हजारो रुपये मोजायचे आणि मोजणाऱ्याला शंभर देताना हात आखडायचा, हा हिशेब शेवटी आपल्याच अंगलट येतो.

इंजिन बंद करण्याआधी एअर फिल्टरही पाहून घ्या. धूळ आत येतच राहिली, तर नवा पिस्टनही त्याच वाटेने जाईल.